एक पायरी खाली

माझा भाऊ सुटून घरी आला आणि आठवडाभरातच मला त्याच्या चालण्यातली एक गोष्ट खटकायला लागली. आमच्या स्वयंपाकघरात शिरताना तो मान खाली घालायचा. तो उंच आहे, लहानपणापासून आम्ही त्याला बांबूच म्हणतो, त्यामुळे एखाद्या दारात वाकला तर नवल नाही. पण आमच्या स्वयंपाकघराला दारच नाही. बाहेरच्या खोलीतून सरळ आत जाता येतं, वर छतापर्यंत मोकळं. तरी तो वाकायचा, आणि वाकता वाकता उजवा पाय किंचित खाली सोडायचा, पायरी उतरताना सोडतात तसा. जमीन आधीच लागायची. त्याला बारीकसा हिसका बसायचा आणि तो स्वतःशीच हसायचा.

मी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. माणसाला सवय लागते ती घरामुळे, हे मी रोज बघते. जुन्या घरात कडी उजवीकडे असली तर नव्या घरातही हात महिनाभर उजवीकडेच जातो. तेव्हा ही सवय तुरुंगातली असणार असं मी धरून चालले. मग विचार केला, तुरुंगात याला स्वयंपाकघरात कोण जाऊ देणार?

त्याची हकिगत थोडक्यात सांगते. परदेशात तो पाणी तापवायची यंत्रं दुरुस्त करायचा. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरून तक्रार आली म्हणून हा गेला. घंटा वाजवली, दार ढकलून पाहिलं, कुणी उघडेना म्हणून परत फिरला. त्या वेळी बाई आत मरून पडल्या होत्या. शेजाऱ्यानं याला दारात पाहिलं होतं, दाराच्या मुठीवर याचे ठसे होते आणि याच्या गाडीतला एक जड पाना सापडत नव्हता. त्यातून हा परका, तिथली भाषा धड न येणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिथं फाशी नव्हती, म्हणून जन्मठेप. आमची आई त्याची वाट बघता बघता गेली. अकरा वर्षांनी, भलत्याच चोरीत सापडलेल्या एका माणसानं हाही खून कबूल केला. त्यानं दाखवलेल्या जागी बाईंच्या घरातल्या वस्तू मिळाल्या, आणि माझा भाऊ निर्दोष ठरला.

म्हणजे त्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो कधीच गेला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

एका रविवारी सकाळी तो पुन्हा तसाच वाकून आत आला, तेव्हा मी विचारलं, "ही कुठल्या घराची सवय रे?"

"त्यांच्या," तो म्हणाला. जणू शेजारच्यांच्या.

"कुणाच्या?"

"बाईंच्या. झोपलो की जातो मी तिकडे. पहिल्या वर्षापासून."

माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती मी निवडत राहिले. कोर्टात महिनोन् महिने त्या घराचे फोटो याच्यासमोर धरले होते, बाई कुठं पडल्या, रक्त कुठं उडालं ते पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. इतकं ऐकल्यावर कुणाच्याही स्वप्नात येईल. मी तसं म्हणाले. त्यानं मान डोलावली. मला बरं वाटावं म्हणून डोलावली, हे मला कळलं.

"आणि त्या असतात तिथं?"

"असतात की. त्यांचंच घर आहे."

"मग विचारलं नाहीस कधी, कुणी मारलं म्हणून?"

तो माझ्याकडे थोडा आश्चर्यानं बघत राहिला. "ताई, चहाला बोलावलेल्या माणसानं असलं विचारायचं का? त्या दिवसाचं त्या काढत नाहीत, मी पण काढत नाही. त्या घरातल्या वस्तूंना आपल्या भाषेत काय म्हणतात ते विचारतात. मास्तरीणच ना. एकदा सांगितलेलं विसरत नाहीत."

त्या दुपारी मी त्याला समोर बसवलं आणि तो सांगेल तसं ते घर कागदावर काढलं. सांगताना तो डोळे मिटायचा, पण अडखळायचा नाही. बैठकीची खोली लाकडी जमिनीची. तिथून एक पायरी खाली स्वयंपाकघर. मध्ये भिंत नाही, फक्त डोक्याच्या उंचीवर आडवी तुळई. मागच्या अंगाला काचेचं दार, त्यातून दुपारी ऊन थेट टेबलापर्यंत येतं. जिन्याखाली बुटक्या कपाटात कप, सगळे पालथे. मी पट्टी लावत होते, तो बोलत होता, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत आम्ही दोघं इतकं निवांत कधी बसलो नव्हतो. घर छान होतं. राहावंसं वाटेल असं.

मग मी वकिलांच्या कागदांतून पोलिसांनी काढलेला नकाशा शोधला. बैठकीत आणि स्वयंपाकघरात जाड भिंत. पायरी नाही. तुळई नाही. मागं काचेचं दार नाही, लहानशी खिडकी. माझा जीव भांड्यात पडला. याचं घर मनातलंच होतं. तुरुंगात एखाद्यानं मनातल्या मनात बुद्धिबळ खेळावं, तसं यानं घर बांधलं होतं. मी त्याला ते सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता आमच्या वकीलबाईंचा परदेशातून फोन आला. मेलेल्या शिक्षिकेची मुलगी माझ्या भावाची समक्ष माफी मागू इच्छित होती. कोर्टात याच्याकडे बोट दाखवून रडली होती तीच ती. खर्च ती करणार होती.

"तू जा," भाऊ म्हणाला. "मी कशाला जाऊ?"

तो भाजीची पिशवी दुमडत होता.

"आणि तिच्यावर चिडू नकोस, ताई. एकटी असते ती."

---

ती गल्ली उताराची होती. दोन्ही बाजूंना विटांची एकमेकांना चिकटलेली घरं, प्रत्येकाच्या दाराला वेगळा रंग, फुटपाथवर वाळलेली पानं. दुपारचे तीन वाजत आले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार शिक्षिकेच्या मुलीनंच उघडलं; ती माझ्याच वयाची होती. एका दातांच्या दवाखान्यात काम करते म्हणाली. तिचे हात सारखे धुतल्यासारखे कोरडे, पांढरट होते. त्यांची भाषा मला कामापुरती येते, आणि ती सावकाश बोलत होती.

तिनं मला आत नेलं. पायाखाली लाकूड वाजलं.

मी जागीच थांबले. समोर डोक्याच्या उंचीवर तुळई होती. तिच्यापलीकडे, एक पायरी खाली, स्वयंपाकघर. काचेच्या दारातून आलेलं ऊन लादीवरून सरकत टेबलाच्या पायाला टेकलं होतं. त्या उन्हात धूळ इतकी संथ फिरत होती, की मला वाटलं आपण प्रवासानं थकून गाडीतच झोपलोय आणि हे सगळं दिसतंय.

"ही भिंत?" मी विचारलं. आवाज माझाच होता.

"मी काढली. आई गेल्यावर चौथ्या वर्षी. भिंत काढली म्हणून तुळई घालावी लागली. जमिनीला ओल यायची म्हणून ही बाजू उचलून लाकूड टाकलं. मागचं दारही तेव्हाचंच."

तेव्हा माझा भाऊ तिथून कितीतरी मैलांवर कोठडीत होता. घराला तुळई घातली हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. नकाशा काढणाऱ्या माणसाला अशा वेळी काहीतरी कारण सुचायला हवं. मी बसले.

तिनं माफी मागितली. आधीच पाठ केलेली असावी, पण खरी होती. मी जे म्हणायचं ते म्हणाले. मग ती उठली नाही. कोरडे हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"मला आणखी सांगायचंय. तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "या घरात रात्री कुणीतरी यायचं. खटल्यानंतर लगेच सुरू झालं. मी वर झोपायची. खाली कप वाजायचे, खुर्ची सरकायची. आणि आईचा आवाज. ती हसायची. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. दुसरा आवाज पुरुषाचा. मी जिन्यात येऊन बसायची. पुढं उतरायची नाही. उतरले तर थांबेल असं वाटायचं."

"काय बोलायचे?"

"कळायचं नाही. आई काही वेगळेच शब्द म्हणायला लागली होती." तिनं आठवून, जीभ सांभाळत, एकेक शब्द उच्चारला. "चमचा. खिडकी. ऊन."

इतक्या दूर, त्या तोंडून आमचेच शब्द. 'ऊन' तर ती आमच्या आईसारखं म्हणाली, शेवटी जरासं लांबवून. तसं आमच्या घरात बांबूच म्हणायचा.

"तो आवाज मी कोर्टात ऐकला होता. मला लवकरच कळलं तो कोण आहे. आणि हेही कळलं, की आई त्याच्याशी तशी बोलतेय म्हणजे त्यानं काही केलेलं नाही."

"मग तुम्ही..."

"कुणाला काय सांगणार होते?" ती म्हणाली. "पण त्यानंतर एकदा मला आईचं, त्या दिवशी चोरीला गेलेलं मनगटी घड्याळ दिसलं. बाजारात, जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेत ठेवलेलं. पट्ट्याला मीच घातलेले टाके होते. आत जाऊन विचारलं असतं तर दुकानदारानं सांगितलं असतं, कुणी आणून विकलं ते. मी बाहेर उभी राहिले. मग घरी आले. रात्री खाली दोघं बोलत होती. मला वाटलं, तो सुटला तर तो येणार नाही. तो आला नाही तर ती तरी कशाला येईल?"

ऊन टेबलावर चढलं होतं. मला राग आला. इतका, की जिभेला धातूची चव आली. माझी आई आठवली, शेवटच्या दिवसांत दाराकडे तोंड करून निजणारी. मी उठून जायला हवं होतं. पण समोरची बाई माझ्याकडे बघतच नव्हती. ती कान देऊन बसली होती.

"तो सुटला तेव्हा मला वाटलं संपलं," ती हळू आवाजात म्हणाली. "संपलं नाही. वेळ बदलली फक्त. आता रात्री येत नाही. दुपारी येतो."

मी मनात हिशेब केला. इथं दुपार म्हणजे आमच्याकडे रात्र. घरी सगळे गाढ झोपलेले असणार.

जिन्याखालच्या कपाटाचं दार वाजलं.

आम्ही दोघी हललो नाही. टेबलाचं एक टोक सोडलं तर स्वयंपाकघर आमच्या जागेवरून दिसत नव्हतं. आधी भांड्याचा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा. मग बोलणं, भिंतीपलीकडून यावं तसं. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल ओळखीची होती. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर माणसं बोलतात तशी. बाईचा आवाज हसला. समोर बसलेल्या त्यांच्या मुलीच्या चेहऱ्यावर तेच हसू उमटलं, तिच्या नकळत.

मग पाणी वाहायला लागलं.

मी फोन काढला आणि घरी लावला. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं उचलला.

"अगं, किती वाजलेत माहितीये का?"

"त्याला उठवा."

"का? काय झालं?"

"आधी उठवा त्याला."

त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग दार. "बांबू, ए बांबू." पुन्हा हाक. पुन्हा. "उठत नाहीये गं हा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "अंग गार लागतंय."

"हलवा. जोरात हलवा."

स्वयंपाकघरातलं बोलणं मध्येच तुटलं.

बाईंची मुलगी उभी राहिली. "काय केलंत?" एवढंच म्हणाली.

फोनवर खोल श्वास घेतल्याचा आवाज आला. मग माझा भाऊ, झोपेनं जड झालेला.

"असं मध्येच उठवू नये, ताई. त्यांचा चहा व्हायचा होता अजून."

मी तुळईपलीकडे पाहिलं.

"तिनं घड्याळाचं सांगितलं का?"

"तुला माहीत होतं?"

"बाईंनीच सांगितलं, तेव्हाच. फार रडल्या. पण मी कुणाला सांगू, आणि काय म्हणून? म्हणाल्या, पोर एकटी पडेल रे." तो थोडा थांबला. "पहिल्यांदा वाईट वाटलं. नंतर नाही वाटलं. तू तिला काही बोलू नकोस."

"बरं," मी म्हणाले.

"आणि जरा बघ, नळ उघडाच राहिला असेल. बंद कर."

मी उठले. तुळईखालून जाताना मान आपोआप खाली गेली. पाय बरोबर पायरीवर पडला. कोपऱ्यातल्या सिंकमध्ये पाणी धो धो वाहत होतं. मी नळ पिळून बंद केला. कट्ट्यावर एक कप धुऊन पालथा घातलेला होता, त्याच्या कडेनं पाणी ओघळत होतं.

दुसरा कप टेबलावर, उन्हात होता. चहा काठोकाठ. वाफ सरळ वर चढत होती. मी बघत असताना ती एका बाजूला झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली, कुणीतरी हळूहळू फुंकर घालून चहा निववत असावं तशी.