पाठीला पाठ

"फुग्या, टाचा खाली," मामी म्हणाली.

फुग्याने टाचा खाली केल्या आणि तो एकदम बुटका झाला. दर सुट्टीत मामीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी हा प्रकार व्हायचा. फुग्या आणि त्याचा मावसभाऊ प्रोफेसर पाठीला पाठ लावून उभे राहायचे, मामी दोघांच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि फूटपट्टी दर वेळी फुग्याच्या बाजूला कलायची. प्रोफेसरला खिडकीजवळची गादी मिळायची. प्रोफेसर शिंकला तरी मामी म्हणायची, किती व्यवस्थित शिंकतो. फुग्याला या सगळ्याचा राग होताच, पण फूटपट्टीचा जास्त होता. राग आला की त्याचे गाल फुगायचे, नावही त्यावरूनच पडलेलं. त्याच्या धाकट्या बहिणीला सगळे शेपूट म्हणत, कारण ती कायम या दोघांच्या मागे असायची.

तेवढ्यात मामांच्या वर्कशॉपमधून "मेलो" असं ऐकू आलं. कोणी हललं नाही. मामा नाटकांसाठी सामान बनवायचे आणि हातावर हातोडी मारून घेत अधूनमधून मरायचे.

मग "या वेळी खरंच" असं ऐकू आलं. तेव्हा सगळे धावले.

कागदी लगद्याची मुंडकी आणि थर्माकोलच्या तोफा यांच्या गर्दीत मामा उभे होते. समोर टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं होती, अगदी जुळी. त्यातलं एक पणजोबांचं. ते फार पूर्वीच नळी बुजवून कायमचं निकामी केलेलं होतं आणि आज संध्याकाळी संग्रहालयाच्या बाई ते न्यायला येणार होत्या. दुसरं मामांनी एका नाटकासाठी केलेलं. खऱ्याचा साचा घेऊन त्यात भट्टीवाल्याकडून लोखंड ओतून आणलं होतं. नाटकवाले त्याला भोक पाडून आत धुराची नळी बसवणार होते. आता खरं कुठलं ते मामांना ओळखू येईना, आणि अदलाबदल झाली तर भोक पणजोबांना पडणार होतं.

प्रोफेसरने विचारलं, की स्वतः केलेलं स्वतःला कसं ओळखू येत नाही. मामांनी मान खाली घातली. नकलीला जुनं दाखवायला त्यांनी ते मीठ आणि व्हिनेगरने गंजवलं होतं. ते इतकं छान गंजलं की शेजारी खरं नवंकोरं वाटायला लागलं.

"मला बघवेना रे," मामा म्हणाले. "पणजोबांचं रिव्हॉल्व्हर, आणि कालचं पोर त्याच्याहून म्हातारं दिसतंय. म्हणून खऱ्यालाही थोडं व्हिनेगर लावलं."

फुग्याला मामांबद्दल पहिल्यांदाच इतकी आपुलकी वाटली. पुढची कामगिरी मामीची होती. दोन्ही ज्या फडक्यावर वाळत होती, ते फडकं तिने उचलून टेबल पुसलं होतं आणि दोन्ही परत कशीही ठेवली होती.

मामांनी जाहीर केलं, की जो खरं ओळखेल त्याने संग्रहालयात काचेच्या पेटीवरचा पडदा ओढायचा. तो पडदा आपलाच, असं फुग्याने ठरवलं. पण प्रोफेसरने खिशातून भिंग काढलंसुद्धा. सुट्टीला येताना लोक चड्ड्या आणतात, हा भिंग आणतो.

प्रोफेसरने आधी क्रमांक पाहिले. दोन्हींवर तोच, साच्यात क्रमांकही उतरला होता. मुठीवर अंगठ्याने झिजून पडलेला खळगा दोन्हींना होता, तोही साच्यातून आलेला. नकलीवरची अक्षरं बोथट असतात म्हणावं, तर व्हिनेगरने दोन्हींची बोथट केली होती. जे जे फिरायचं, ते गंजून जाम झालं होतं. प्रोफेसरने भिंग खिशात ठेवलं. फुग्याला इतका आनंद झाला की त्याचे गाल आत गेले.

मग त्याने स्वतःचा शोध सुरू केला. एकेका रिव्हॉल्व्हरच्या मागे जाऊन त्याने अचानक "पणजोबा" अशी हाक मारली. कोणीच वळून पाहिलं नाही. शेपटीने दोन्हींचा वास घेतला आणि ती शिंकली. तिच्या शिंकेचं कौतुक कोणी केलं नाही.

फुग्या चिडून प्रोफेसरकडे बघत बसला. त्याच्या त्या उंच डोक्याकडे. आणि तो ताडकन उठून मामीची फूटपट्टी घेऊन आला. दोन्ही रिव्हॉल्व्हरं त्याने पाठीला पाठ लावून आडवी ठेवली आणि नळ्यांची तोंडं भिंतीला टेकवली.

"टाचा खाली," असं त्यांना सांगून त्याने मुठींवर फूटपट्टी धरली.

फूटपट्टी कलली.

एक आखूड होतं. नखाएवढंच, पण आखूड. फक्त त्यावरून खरं कुठलं, ते फुग्याला कळेना. प्रोफेसरला विचारलं तर पडद्यात वाटेकरी येणार. न विचारलं तर पणजोबांना भोक. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. फुग्याने गाल फुगवले, सोडले आणि विचारलं.

"ओतलेला धातू थंड होताना आटतो," प्रोफेसर म्हणाला. "त्यामुळे साच्यातून निघालेलं मुळापेक्षा नेहमी जरा लहान. आखूड ते नकली." मग तो हळूच म्हणाला, "हे मोजायचं मला कसं सुचलं नाही?" आणि चक्क त्याचे गाल फुगले.

"आखूड ते नकली? म्हणजे दादा नकली?" शेपटीने विचारलं.

बाईंनी पणजोबांच्या मापाची, आत मऊ खोबण कापलेली पेटी आणली होती. आखूड रिव्हॉल्व्हर त्यात खुळखुळलं. दुसरं अलगद बसलं. बाईंनी मुलांची पाठ थोपटली, अशी नजर आमच्याकडेही हवी म्हणाल्या, आणि मामांना यापुढे पणजोबांच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही असं बजावलं. व्हिनेगरची बाटली मामीने जप्त केली. मामांनी दोन्ही भाच्यांना जवळ घेऊन सांगितलं, की तुमच्यामुळे घराण्याची लाज राहिली.

काही दिवसांनी संग्रहालयात काचेच्या पेटीसमोर सगळे जमले. पडद्याची दोरी होती उंचावर. फुग्याने टाचा वर केल्या. हात पुरेना. प्रोफेसर सहज ओढू शकला असता. तो आला, दोरीकडे पाहून फुग्यासमोर पाठ करून खाली वाकला.

"चढ," तो म्हणाला. "पुढच्या सुट्टीत मी वर."

फुग्याने दोरी ओढली. टाळ्या वाजल्या. मामीच्या हातात तेव्हा फूटपट्टी नव्हती, याचं फुग्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.