तिसरा ठोका

गाडीच्या पुढच्या चाकांकडून येणारा आवाज मी गाडी फाटकातून पुरती आत यायच्या आधीच ओळखतो. ही बढाई नाही, सव्वीस वर्षांचं काम आहे. लिंक रॉड सैल झाला की खड्ड्यात हलकं कडकडतं. खालच्या आर्मचं रबर गेलं की ब्रेक दाबताना एकच जाड ठोका येतो. स्टिअरिंगचा सांधा झिजला की वळवताना टकटक थेट तळहाताला लागते. बाकीचे गॅरेजवाले आधी सुटे भाग बदलतात आणि मग विचार करतात. मी आधी ऐकतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हाताने ओळखतो. एकाने वर बसून स्टिअरिंग डावं-उजवं फिरवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. दगाबाज सांधा बोटाखाली थरथरतो. इंजिन चालू असताना बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून आमची ठोक्यांची भाषा ठरलेली. खालच्याने पान्याने गाडीच्या पोटाला एक ठोका दिला की फिरव, दोन दिले की थांब, आणि तीन दिले की मी अजून खाली आहे, कशालाही हात लावू नकोस. दादाचे तीन ठोके घड्याळासारखे एकसारखे. माझं मनगट लहानपणी मोडलं होतं, त्यामुळे माझा तिसरा जरा मागे रेंगाळतो, असं तो म्हणायचा. "तुझा तिसरा लंगडतो रे," म्हणून खिदळायचा. मला स्वतःला ते कधी जाणवलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी दादाचे कान गेले. एका दिवसात नव्हे. तो गिऱ्हाइकांना "जरा मोठ्याने बोला" म्हणायला लागला आणि आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकंच पुटपुटतात. मग एकदा मी खालून तीन ठोके दिले आणि त्याने खुशाल स्टिअरिंग फिरवलं. अंगठ्याच्या नखावर निभावलं. तेव्हापासून वर मी बसतो आणि खाली दादा जातो. "ह्यांचा जीव आता तुमच्या कानावर आहे भावजी," असं वहिनी म्हणते. मी म्हणतो, मग तर पाय पसरून झोपा वहिनी.

एका सोमवारी सकाळी सिस्टर आल्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबाई. लहान पांढरी गाडी, मागच्या सीटवर औषधांची पेटी, खिडकीच्या वर हँगरला इस्त्रीचा ॲप्रन. आमच्या आधी दोन गॅरेजांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

"डावीकडून ठोके येतात," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर नाही. पार्क करताना, गाडी जवळजवळ उभी असते आणि मी स्टिअरिंग फिरवत असते, तेव्हा. रेकॉर्ड करून ठेवलंय."

त्यांनी फोन पुढे केला. टक, टक, आणि किंचित थांबून, टक. मग काहीतरी बारीक किणकिणलं.

"पहिले दोन खालच्या सांध्याचे," मी छातीठोकपणे सांगितलं. "तिसरा परतीचा, म्हणून उशिरा. किणकिणतोय तो ब्रेकमागच्या, धूळ अडवणाऱ्या पत्र्याचा स्क्रू."

"ऐकून बरं वाटलं," सिस्टर म्हणाल्या. मग फोन पर्समध्ये ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "हसू नका भाऊ, पण मला वाटायचं कुणीतरी खालून हाक मारतंय."

मी हसलोच.

सांधा बदलला. लिंक रॉड बदलला. धुळीच्या पत्र्याचा स्क्रू मात्र घट्ट निघाला, तोही उगाच आणखी आवळला. मी गाडी घेऊन खडीवरून, गतिरोधकांवरून, उतारावरून फिरलो, पार्क करतानाही स्टिअरिंग फिरवून पाहिलं. हूं का चूं नाही. पण सिस्टरांचा बुधवारी फोन आला. पहिल्याच ठिकाणी, पहिल्यासारखेच ठोके. मी त्यांना गाडी सोडून जायला सांगितलं. माझ्या कानाला कुणी असं खोटं पाडलेलं मला चालत नाही.

त्या दुपारी गाडी अंगणात उभी होती. इंजिन बंद, बॉनेट गार. मी शेडमध्ये चहा पीत होतो आणि दादा गाडीशेजारून पाना शोधत चालला होता. जाता जाता त्याने तोल सावरायला डाव्या मडगार्डवर हात ठेवला आणि थांबला.

"चालू आहे का रे ही?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

त्याने हात तसाच ठेवला. मग उचलला, पँटला पुसला आणि शेडमध्ये येऊन स्टुलावर बसला. बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "हिच्याखाली मी जाणार नाही."

दादा आयुष्यात असं कधी बोलला नव्हता. गळक्या टाकीखाली, चिखलात रुतलेल्या ट्रकखाली तो डुलकी काढल्यासारखा पडून राहायचा. मला त्याचा रागच आला. कान गेले, आता हातही गेला की काय याचा, असं मनात येऊन गेलं. ते मनात आल्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून गुरुवारी खाली मी गेलो.

सिस्टरांना स्टिअरिंगवर बसवलं, ठोक्यांची भाषा समजावली. एक म्हणजे फिरवा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे हातच लावू नका. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलं. मी डावी बाजू जॅकवर उचलली आणि चाक काढलं. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवायचं, जॅक फसला तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. हा दादाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मी चाक भिंतीला टेकवलं. दादाने स्टुलावरून बोट दाखवलं. मी दोन बोटं दाखवली, दोन मिनिटांचं तर काम आहे.

एक ठोका दिला. स्टिअरिंग फिरलं. खालच्या सांध्यावर बोटं ठेवली, नवा कोरा, काही नाही. दोन ठोके. पुन्हा एक. स्टिअरिंगचा सांधा धरला, लोण्यासारखा फिरत होता. वरचं बेअरिंग, आर्मची रबरं, सगळं ठणठणीत. या गाडीत वाजण्यासारखं काहीही नव्हतं. हे मी तेव्हा पैजेवर सांगितलं असतं आणि आजही सांगेन.

मग जॅकच्या बुडाशी तेलाचा एक बारीक ओघळ दिसला.

गाडी कोसळली नाही. ती श्वास सोडल्यासारखी खाली आली. चाकाचा लोखंडी आर्म माझ्या छातीवर टेकला, मग दाबला गेला, मग माझ्या छातीत हवेला जागा उरली नाही. ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मी घाबरलो. इतका घाबरलो की घरच्यांपैकी कुणाचा चेहरासुद्धा आठवला नाही, फक्त हातातला पाना आठवला.

तीन ठोके दिले.

वरून सिस्टरांचा आवाज आला, एकदम आनंदी.

"आला बघा! भाऊ, हाच तो! अगदी हाच!"

आणि पुन्हा यावा म्हणून त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

मी परत ठोकले. टक, टक. मनगट जड झालं होतं. टक.

तेव्हा मला तो पहिल्यांदा ऐकू आला. माझा तिसरा. लंगडा.

पाना बोटांतून सुटला आणि फरशीवर बारीक किणकिणला.

पुढचं मला सिस्टरांनी सांगितलं. दादा कधी उठला ते त्यांना कळलंच नाही. त्याने बॉनेटवर तळहात टेकवला होता. मग "हात काढा!" म्हणून असा ओरडला की त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. गळक्या जॅकला त्याने सपासप हापसलं, चाक लाथेने आत ढकललं आणि माझे घोटे धरून मला ओढलं. दोन बरगड्या गेल्या. दादा माझ्यापाशी बसून शिव्या देत रडत होता.

दवाखान्यात सिस्टर बघायला आल्या तेव्हा मी तो फोन मागितला. ठोके, किणकिण, सगळं होतं तसंच होतं. तारीख गुरुवारच्या आठ दिवस आधीची होती. मी फोन परत दिला. त्यांची गाडी त्यानंतर कधीच वाजली नाही.

बरगड्या बांधलेल्या असल्यामुळे मला वाकता येत नाही. खाली दादाच जातो. नवीन जॅक आणलाय, स्टँड आणलेत, चाक सरकवल्याशिवाय मी कुणाला जमिनीला पाठ टेकू देत नाही. आणि वर मी आहे. आता मी कान टवकारून बसतो.

काल सकाळी एक मास्तर आले. करड्या रंगाची गाडी, पुढून आवाज. त्यांचं सांगून व्हायच्या आत दादाने गाडी उचलली, स्टँड लावला, चाक काढून आत सरकवलं, सगळं नियमाप्रमाणे. बाह्या दुमडून तो खाली गेला. मास्तरांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी वाट बघत राहिलो.

"लावा ना, मास्तर."

"लावलाय की."

"मग जरा मोठा करा."

मास्तरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"याहून मोठा होत नाही," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावला. दुसरा कान बोटाने गच्च दाबला. तेव्हा कुठे, फार लांबून आल्यासारखे ते आले. टक, टक, टक. घड्याळासारखे एकसारखे. मग पुन्हा तीन. मग पुन्हा तीन, आणि तसेच, रेकॉर्डिंग संपेपर्यंत.

समोर गाडीखालून दादाचे पाय तेवढे दिसत होते. त्याने एक हात बाहेर काढला आणि मला स्टिअरिंगवर बसायची खूण केली.