पुस्तकात नसलेली गोष्ट

कंदील बारीक करा. मध्ये कोणी खिदळलं तर मी उठेन. ही गोष्ट मला चिंधानं स्वतः सांगितली, आणि चिंधा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

साल अडतीस. मार्गशीर्षातली अमावस्या. नवापूरजवळ जंगलात सागाच्या लाकडांचा डेपो होता. चिंधा तिथला राखणदार. संध्याकाळी डेपोचा हिशेब ठेवणाऱ्या दलपत मुनशीनं त्याला बाजारात धाडलं, बाटलीभर रॉकेल आणायला. रात्री वाचायला उजेड हवा होता. कोण्या साहेबानं इंग्रजी भुतांच्या गोष्टींचं एक पुस्तक मागे सोडलं होतं. दलपत रोज त्यातली एक गोष्ट वाचून चिंधाला समजावून सांगायचा. दोघं एका ताटात जेवायचे.

त्या रात्री दलपत म्हणाला, "आज दार ठोकनारानी गोष्ट ऐक. तो आपलाच मानूसना आवाजमा हाक मारस. 'चोर उनात, दार उघाड' म्हनस. ज्यानी दार उघाडं, तो सकाय देखत नही."

"हट! विलायतनं भूत आठे कसाले येई?"

"साहेब आठे उनात. मंग त्यासना भूत मांगे ऱ्हातीन का?"

चिंधा हसला. दलपत गावात झोपायला गेला.

मध्यरात्र उलटली. चिंधाच्या राखणीच्या झोपडीचं दार वाजलं.

"भाऊ, दार उघाड. चोर गाड्या भरी ऱ्हायनात."

आवाज गोवालचा. चिंधाचा धाकटा भाऊ. लाकूड तोडताना ज्याचं एक बोट गेलं होतं, तो.

चिंधा कडी धरून बसला.

"भाऊ... माले लागनं..."

एक थाप. मग काहीच नाही...

उजाडलं. गोवाल उंबऱ्यावर पडलेला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. दारावर रक्ताचा पंजा. चार बोटांचा. साग गेलेला.

दलपत आला. चिंधाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं व्हयनं, तू दार उघाडं नही."

गोवालची बायको हन्ना मिशनच्या शाळेत शिकलेली. दार का उघडलं नाही ते चिंधानं सांगितलं, तसं तिनं दलपतकडून पुस्तक मागून घेतलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

"दादा, यात समुद्र आहे, बर्फ आहे, किल्ले आहेत. दार ठोकणारा कुठंच नाही."

चिंधानं पुस्तक नेऊन दलपतच्या मांडीवर टाकलं.

"ती गोष्ट काढी दे. नही तर सांग, साग कोनी नेला."

दलपतनं पानं उलटली. वर पाहिलं नाही. चिंधा परत आला.

त्या रात्री शेजाऱ्यांनी दलपतला मोठ्यानं इंग्रजी वाचताना ऐकलं. थांबला की दारावर थाप पडायची. पुन्हा वाचन. थाप. वाचन...

पहाटे सगळं गप्प झालं.

दार फोडावं लागलं. कडी आतून होती. दलपत भिंतीला टेकून बसलेला. गार. पुस्तक शेवटच्या पानावर उघडं.

दारावर ओला पंजा होता.

चार बोटांचा.

आतल्या बाजूला.