फोटोतली दुसरी बाई

तुम्ही हसाल, पण ऐकाच. मार्चमधली दुपार होती. वाघोलीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये अब्बांना वरण-भात भरवून मी लॅपटॉपसमोर बसले. विम्याचे अर्ज तपासायचं माझं काम. ऑफिस खराडीला, मी घरी. अब्बा अंथरुणाला खिळलेले, म्हणून घरून काम मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते.

पण त्याबरोबर एक सॉफ्टवेअरही आलं. दर दहा मिनिटांनी ते माझा फोटो काढायचं आणि त्यातले चेहरे मोजायचं. अर्ज गोपनीय, त्यामुळे दुसरा चेहरा दिसला की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की घरून काम बंद. मग अब्बांना कोण बघणार?

त्या दुपारी पहिली ताकीद आली. 'व्यक्ती : दोन.'

मी मागे वळले. भिंत, कॅलेंडर, पंख्याची घरघर... आणि ओल्या शाईचा वास. आमच्या घरात शाईचं पेन नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी ताकीद. मागोमाग ऑफिसातल्या आमच्या दत्तप्रसाद साहेबांचा फोन.

"मॅडम, आपल्याकडे शेजारणी वाचनाला येतात का?"

"घरात अब्बा आणि मीच असतो, सर."

"सॉफ्टवेअरला आपल्याशी खोटं बोलायचं कारण नाही."

त्यांनी फोटो पाठवला. माझ्या खांद्यामागे चष्मेवाली एक बाई, ओठ मुडपून स्क्रीन वाचत होती. तिचं बोट एका रकान्यावर होतं. बघते तर काय, तिथे मी जन्मसाल चुकवलेलं!

तेवढ्यात आतून अब्बा म्हणाले, "जिनत... मेहमान को चाय तो पूछ."

घाबरले होते, तरी मला हसूच फुटलं. मी आधणात एक कप पाणी वाढवलं.

शेवटी साहेब स्वतः शहानिशा करायला आले. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकले, मग माझ्याच खुर्चीत ऐटीत बसले. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. दहा मिनिटांनी तिसरी ताकीद आली. फोटोत साहेब आणि त्यांच्या खांद्यामागे ती.

"मॅडम... शाईचा वास येतोय का?"

"रोजच येतो, सर."

चहा तसाच टाकून साहेब गेले. अहवालात लिहिणार तरी काय? त्यांनीच तिन्ही ताकिदी रद्द केल्या. नोकरी वाचली, अब्बांचं जेवण वेळेवर होत राहिलं.

तेव्हापासून माझ्याकडे 'व्यक्ती : एक.' जरा सुनंसुनं वाटतं. चुका आता माझ्या मलाच शोधाव्या लागतात.

परवा साहेबांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"मॅडम... त्या... चहाच घेतात ना?"

"हो. साखर कमी."

"मला रोज ताकीद येते... व्यक्ती दोन..."

मी सांत्वन करून हसतहसत फोन ठेवला, आणि मग एकदम आठवलं. ते सॉफ्टवेअर फक्त आम्हा हाताखालच्यांसाठी होतं. साहेबांच्या लॅपटॉपवर ते कधी टाकलंच नव्हतं.