ट्रेमधली देखणी सफरचंदं

बागवाली आत आली ती बसायलाच तयार नव्हती.

"मी औषध मारलेलं नाही," ती उभ्यानेच म्हणाली. "आणि कुणाचा विश्वास बसत नाहीये."

दादाने खुर्ची पुढे केली. दारावर ‘खासगी गुप्तहेर’ अशी पाटी होती ती त्याच्या धाकट्या बहिणीची. त्याच्याकडे गाडी चालवणं, खुर्च्या पुढे करणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं एवढीच खाती होती. अख्खं शहर तिला बेबीताई म्हणून वचकून असायचं, पण दादा अशिलांसमोरही तिला नुसतं बेबी म्हणायचा.

हकीकत अशी होती. नऊ छोट्या बागायतदारांनी मिळून सेंद्रिय फळांचं एकच प्रमाणपत्र घेतलं होतं. एक बाग नापास झाली की नऊच्या नऊ बाद. या वेळी बागवालीच्या सफरचंदांचा नमुना तपासला गेला आणि प्रयोगशाळेला सालीवर बुरशीनाशक सापडलं. संध्याकाळी गटाची बैठक होती. तिथे ती खरी ठरली नाही, तर सगळ्यांचं प्रमाणपत्र तिच्यामुळे जाणार होतं.

"चल दादा!" बेबीताईने पायात चपला सरकवल्या. तिचे डोळे चमकायला लागले तसं दादालाही स्फुरण चढलं.

प्रमाणपत्रासाठी नमुना घेणारा तपासनीस बागेतच भेटला. बिचारा वैतागलेला होता.

"नमुना मी स्वतः तोडला. हात जाईल ते फळ. डागाळलेलं, वाकडं, सगळं. तसाच नियम आहे."

"आणि पिशवी लगेच सील केलीत?"

तो अडखळला. "पिशवी स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली होती. बाई मला खताचा खड्डा दाखवायला घेऊन गेल्या. आल्यावर तोंड दुमडून सील लावलं. कागदी पिशवी, आत कोण बघतंय?"

त्याने मोबाइलवर प्रयोगशाळेतला फोटो दाखवला. ट्रेमध्ये ओळीने मांडलेली सफरचंदं, एका मापाची, लालचुटूक. दादाच्या तोंडाला पाणी सुटलं.

शेजारचा बागायतदार कुंपणावर कोपरं टेकून वाटच बघत होता. "मी कुणाचं नाव घेत नाही, पण तिच्या सासऱ्यांना विचारा. तपासणीच्या दिवशी सकाळीच बाजारातून स्कूटरवर आले. पुढ्यात भरलेली पिशवी! हाक मारली तर थांबले नाहीत. सुनेनं हे सेंद्रियचं खूळ घेतल्यापासून त्यांचं तोंड वाकडंच आहे."

सासरे पायरीवर गुडघा शेकत बसले होते. "त्या दिवशी? घरातच होतो की. बाकी सगळे बागेत. मला कुठे चढ चढवतो आता?" त्यांनी झाडांकडे हात केला. "माझ्या काळात फळं आरशासारखी चमकायची. आता बघा, एकेकाला देवी आल्यासारखी!"

शेवटी शेतीऔषधांचं दुकान. दुकानदाराने अहवालातलं बुरशीनाशकाचं नाव वाचून नकारार्थी मान हलवली. "हे मी ठेवत नाही. झाडाला याचा काय उपयोग? तोडलेलं फळ महिनोन्‌महिने टिकवायचं असेल, तर ठीक."

गाडीत बसताच दादाने स्टिअरिंगवर थाप मारली. "बेबी, उलगडलं! म्हाताऱ्याने दुसरीकडून औषध आणलं आणि टेबलावरच्या पिशवीत फवारलं. सुनेची खोड मोडायला!"

"अर्धं बरोबर आहे. तुझ्या मानाने कमालच म्हणायची."

बैठक फळं भरण्याच्या शेडमध्ये होती. माणसं खोक्यांवर बसलेली, कुणी बागवालीकडे बघत नव्हतं.

"औषध कुणीच मारलं नाही," बेबीताईने सुरुवात केली. "ते झाडावर मारतच नाहीत, शीतगृहात टिकवायच्या फळांना लावतात. म्हणजे तपासलेलं फळ या झाडांचं नव्हतंच. तपासनीसांनी डागाळलेली फळं तोडली, पण फोटोत एकावरही डाग नाही. पिशवी उघडी होती ती स्वयंपाकघरात, तेव्हा घरात एकच माणूस होता, आणि तोच सकाळी बाजारातून भरलेली पिशवी घेऊन आला होता. त्या पिशवीत औषध नव्हतं, दादा. सफरचंदं होती."

शेडमध्ये गलका उडाला. शेजारी ओरडला, "बघा! सुनेच्या वाईटावर टपलेला!"

"उलट आहे. वाईटावर असलेला माणूस बाजारात उभा राहून एका मापाची, देखणी फळं निवडत बसत नाही."

सासरे खोक्याचा आधार घेत उभे राहिले.

"मोठ्या शहरातली शिकलेली माणसं," ते म्हणाले. "ती फळं बघून हसली असती. हिला नापास केलं असतं. म्हणून बदलली. निकाल आला तेव्हा कळलं काय करून बसलो ते. मग तोंड उघडायची लाज वाटली."

"बाबा, मी रात्ररात्र रडत होते!" बागवाली ओरडली. "आणि तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होता?"

"ऐकत होतो." त्यांनी मान खाली घातली.

तपासनीस घसा खाकरून उठला. "लबाडीची नोंद तर होणारच. पण प्रयोगशाळेत उरलेली फळं आहेत, ती इथल्या फळांशी ताडून बघता येतील. उद्या सगळ्या बागांचे नमुने पुन्हा घेतो. तोवर प्रमाणपत्राला धक्का नाही. आणि या वेळी पिशवी माझ्या हातातून सुटणार नाही."

नऊ घरांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी टाळी वाजवली आणि दादाने तर शिट्टीच मारली.

बागवाली मात्र सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "माझी फळं कुठे टाकलीत?"

"टाकली नाहीत. खाल्ली."

"सगळी? ती देवी आलेली?"

"लपवायची तर होती ना कुठेतरी. एक खाल्लं, मग..." म्हातारा चाचरला आणि भरल्या शेडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इतकी गोड माझी कधीच झाली नाहीत, पोरी."