मधेच आली नदी

नदीच्या अगदी मधोमध तो पालथा पडला होता. मार्चची टळटळीत दुपार, पाण्याचा टिपूस नाही, आणि वाळूत एक माणूस... डोकं खड्ड्यात!

मी स्कूटी थांबवून ओरडले. वरवट बकालहून पलीकडच्या वस्तीवर जायचा आमचा रस्ता नदीतूनच जातो. तिथं पूल नाही, एरवी लागतही नाही.

"ओ भाऊ! जिते हा का?"

डोकं वर आलं. भुवयांवर वाळू, हातात मोजपट्टी.

"हाय ना जिता. पन भाऊ नका म्हनू... बाकी काहीबी म्हना."

मला हसू आलं, आणि इतक्या लवकर हसू आलं म्हणून रागही.

तो नागसेन, मलकापूरचा. नदीचा अभ्यास करत होता. वाळूखाली पाणी किती खोल गेलंय ते दर मंगळवारी मोजायचं, आणि पूर्वी नदी किती दिवस वाहायची ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. मोजणं त्याला जमायचं. विचारताना मात्र तो "आजी, प्रवाहाचा कालावधी सांगता का?" असं म्हणे, आणि आजी त्याला पाणी देऊन वाटेला लावे. भूगोलाचं एम.ए. करून मी घरीच बसले होते. पुढच्या मंगळवारपासून विचारायचं काम माझ्याकडे आलं.

"जनकाबाई, तुमचं लग्न झालं तवा नदीले पानी किती दिस राहे?" मी पहिल्याच घरी विचारलं.

"होळीपावतर राहे व माय! आता येते दोन दिस, चिडल्यावानी. बांधाची माती घेते अन् निंगून जाते."

परतताना नागसेन म्हणाला, "पाऊस फार कमी नाही झाला, समता. पन चार महिन्यांचा पाऊस चार-पाच तडाख्यांत पडून राह्यला. मुरायले वेळच नाही भेटत. जे उरते, ते हे वाढलेलं ऊन पिऊन टाकते. नदीले धीरच नाही राह्यला."

"तुले तरी कुठं हाय? दर दोन मिनिटाले घड्याळ पाह्यतं तू."

"घड्याळ कुठं... घड्याळाच्या निमित्तानं..."

तो थांबला. मी दुसरीकडे पाहिलं. पण त्यानंतर माझा एकही सोमवार सुखानं गेला नाही. पुस्तक उघडावं, मिटावं. ओट्यावर यावं, आत जावं. आई म्हणायची, "काऊन व, पायाले चाकं लागली का?"

पावसाळाभर आम्ही नदीचे वाहते दिवस मोजले. सप्टेंबर संपेपर्यंत एकोणीस झाले.

ऑक्टोबरात अभ्यास संपला. त्याला नाशिकला नोकरी लागली होती. शेवटच्या मंगळवारी तो बॅग घेऊनच आला. संध्याकाळी मलकापूरहून गाडी.

"तुले काही बोलायचं हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही... तुले?"

"...नाही."

बॅग, फोन, सगळं माझ्या स्कूटीवर ठेवून तो जनकाबाईच्या विहिरीचं शेवटचं माप घ्यायला पलीकडे गेला. मी काठावर येरझारा घालत राहिले. माझाच राग येत होता मला.

आणि आवाज आला. ट्रकमधून गिट्टी ओतावी तसा.

आमच्यावर ऊन होतं, पण सातपुडा काळाकुट्ट झालेला. मातकट पाण्याचा लोंढा मुळांसकट झाडं लोटत आला, आणि पाहता पाहता नदी दोन्ही काठांना टेकली.

पलीकडे तो होता. हात हलवत होता, ओरडत होता. ऐकू काहीच येत नव्हतं. मग त्यानं मागे बोट दाखवलं. जळगाव जामोदला जाणारी एसटी उभी होती. तीत बसला तर पुढे मलकापूरची गाडी मिळणार होती. बॅग काय, मागाहून पाठवता आली असती.

तो वळला.

"नागसेन!" मी ओरडले. "जाऊ नको! मले तू पायजे!"

माझ्या बाजूच्या काठावर लोक जमले होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि ज्यानं ऐकायचं तो कानाला हात लावून उभा!

पण त्याच्या शेजारी जनकाबाई होती. शेतातून हाका देण्या-घेण्यात जन्म गेलेली बाई. तिनं त्याची बाही ओढली, काहीतरी सांगितलं. तो खांबासारखा उभा राहिला.

एसटीनं हॉर्न दिला. दोनदा. मग धूळ उडवत गेली. आणि तो काठावर माझ्याकडे तोंड करून बसला.

सात महिने मी या नदीचा एकेक दिवस वाढावा म्हणून जीव टाकला होता. त्या दुपारी मात्र वाटत होतं, आट गं बाई, लवकर आट! लाज वाटली. तरी वाटतच राहिलं.

दिवस मावळायच्या आत पाणी गुडघ्याखाली आलं. दोरी धरून एकेक जण उतरू लागला. तो सर्वांत पुढे.

"गाडी गेली," तो धापा टाकत म्हणाला.

"दिसलं."

"सोमवारी हजर व्हायचं हाय. तवापावतर इथंच हावो मी." कान लाल झाले होते त्याचे. "समता... तू खरंच बोलली? का म्हातारीनं तिच्या मनचं सांगितलं?"

"काय सांगितलं तिनं?"

"तूच सांग ना."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी हळू. त्यानं दोन्ही हातांनी तोंडावरून पाणी पुसलं, आणि ते सगळंच काही नदीचं नव्हतं.

"माह्या मनात त मार्चपासून हाय," शेवटी तो म्हणाला. "तुह्या घरी कधी येऊ?"

"आत्ताच चाल. सोमवार काही लांब नाही."

मी स्कूटी सुरू केली. तो मागे बसला, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"खांद्यावर ठेव," मी म्हणाले.