हिरवा ठिपका

नकाशावर एकूण तेवीस ठिपके होते. बावीस सांगोल्याकडं शेळ्या-मेंढ्यांना लस टोचत फिरणाऱ्या मुलांच्या फोनचे, आणि एक दानेश्वरीचा, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ऑफिसातला. फोनचं नवं अपडेट आलं आणि मुलांचे एकवीस ठिपके करडे होऊन जागच्या जागी थिजले. ॲप पडद्यावर उघडं असेल तेवढाच वेळ फोन आता त्याला आपला ठावठिकाणा सांगणार होता. खिशात ठेवला, की गप्प.

एकच ठिपका मात्र हिरवागार, वस्त्या पालथ्या घालत चालला होता. मल्हारचा.

दानेश्वरी चक्रावली. ॲप तिनं एकटीनं बनवलेलं. शनिवारपर्यंत ते सुरळीत झालं नाही, तर लसीकरण चालवणारी संस्था ते बंद करणार आणि तिला पुण्यातली नको असलेली नोकरी धरावी लागणार. यातून सुटायची वाट या एका फोनमध्येच दडली असेल, असं वाटून तिनं हे सगळं मल्हारला कळवलं आणि त्याला फोनसकट बोलावून घेतलं. आजवर तिनं त्याचा फक्त आवाज ऐकला होता.

तो आला. उन्हानं रापलेला, केसांत गवताची काडी... तिनं घाईघाईनं नजर फोनकडं वळवली. अपडेट झालेलं. परवानग्या इतरांसारख्याच.

"मग तुमचाच ठिपका कसा चालतो?"

"मी ॲप उघडंच ठेवतो की, मॅडम. गाडीच्या हँडलला लावून."

"दिवसभर? आणि बॅटरी?"

"लई खातंय. दोन पावर बँक घेतल्या."

"पण... का?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "त्यात तुमचा पण ठिपका असतोय न्हवं. दुपारी जेवाया खाली उतरला की हलतोय. परवा सांजंपातुर हललाच न्हाय... जेवला न्हाईत व्हय?"

दानेश्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुचलं ते कामाचंच — "गोठ्यावर पोचलं, की प्रत्येकानं ॲप उघडून एक बटण दाबायचं. तेवढ्यानं भागेल."

"म्हंजी पुणं ऱ्हायलं?"

"राहिलं... बहुतेक."

"आन मी दिवसभर उघडं ठेवाया नको आता?"

"कामासाठी — नाही लागणार."

"कामाचं कुटं इचारलं?"

तिनं वर पाहिलं, लगेच खाली. आपल्याला नेमकं काय होतंय, हे तिला कळत नव्हतं. "मग... ठेवा की."

शनिवारी बावीसही ठिपके वेळेवर उमटले. संस्थेनं ॲप चालू ठेवलं. त्या दिवशी ॲप उघडं राहिल्याची वेळ : एकवीस जण, सरासरी चार मिनिटं. मल्हार, नऊ तास चाळीस मिनिटं. दानेश्वरी, दहा तास पाच मिनिटं.